बच्छाव सरांचा एकच शब्द

बच्छाव सरांना जीपच्या पुढच्या सीटवर बसवल्याशिवाय त्यांच्या भावकीत कोणी मुलगी पाहायला निघत नसे. सटाण्याजवळच्या एका हायस्कुलात ते हेडमास्तर होते आणि इंग्रजी शिकवत, म्हणजे स्वतःच्या मते शिकवत. बाकीच्या मंडळींची कामं ठरलेली असायची. बायका मुलीचा रंग आणि केस बघायच्या, पुरुष मुलीच्या बापाची विहीर बघायचे. मुलीच्या डोक्यात काय आहे ते बघायचं खातं मात्र सरांकडे होतं. ते खातं त्यांना कोणी दिलं हे कोणालाच आठवत नव्हतं, पण सर ते असं सांभाळत, की जणू वरून हुकूम आलाय.

पोहे खाऊन झाले, की सर बशी बाजूला सरकवत, मिशीवरून रुमाल फिरवत, समोर मान खाली घालून बसलेल्या मुलीकडे चष्म्याच्या वरून बघत आणि विचारत, "बरं, डर्थ म्हणजे काय?"

एवढा एकच प्रश्न. पुतण्यासाठी गेले तरी हाच, भाच्यासाठी गेले तरी हाच, मेव्हण्याच्या साडूच्या मुलासाठी गेले तरी हाच. बदलणार तरी कसा? दुसऱ्या कुठल्या इंग्रजी शब्दाची कुळकथा त्यांना येतच नव्हती. बऱ्याच मुली तिथंच गार व्हायच्या. काही हुशार निघायच्या. बागलाणातून निफाडपर्यंत मामेबहिणी-मावसबहिणींमधून बातमी पोचलेली असायची, की तो मिशीवाला म्हातारा आला तर डर्थ विचारतो, टंचाई म्हणून सांग. त्या टंचाई म्हणून मोकळ्या व्हायच्या. मग सर दुसरा डाव टाकत. "छान. आणि हा शब्द आला कुठून?" इथं मात्र सगळ्या झाडून आडव्या व्हायच्या. परत जाताना जीपमध्ये सर दाताला अडकलेली मोहरी जिभेनं काढत म्हणायचे, "पोरगी दिसायला बरी आहे. पण पाया कच्चा." आणि ज्याचं लग्न व्हायचं तो घोडनवरा मागच्या सीटवरून मान डोलवायचा.

त्र्याण्णव साली ही वरात निफाडजवळ सावळीराम शिंद्यांच्या घरी उतरली. सावळीराम द्राक्षबागायतदार. त्यांना मुलगा महेश, तो बाग बघायचा. महेशची बायको लंकाबाई, त्यांची पाच वर्षांची तृप्ती, आणि महेशहून आठ वर्षांनी धाकटी बहीण उज्वला. ती नाशिकला इंग्रजी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. त्या दिवशी तिला वहिनीची मोरपंखी साडी नेसवून पाटावर बसवली होती. पाहायला आलेला मुलगा सरांचा भाचा. सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर. बारावीला दोनदा गचकलेला, पण शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यानं "युवर गुड नेम?" एवढं विचारून घेतलं आणि कामगिरी फत्ते झाल्यासारखा मागे रेलला.

उज्वलाला सरांची कीर्ती माहीत नव्हती. सरांनी अर्थ विचारला, तो तिनं सांगितला. "टंचाई. कमतरता." तिला बरंही वाटलं. इतकी माणसं खाताखाता तिचे पाय बघत होती, त्यांत एकानं तरी डोक्यातलं विचारलं होतं.

"आणि आला कुठून?"

"माहीत नाही, सर," उज्वला म्हणाली. खरं सांगितलं तर माणूस मान देतो, अशी तिची तेव्हा समजूत होती. वयच तसं होतं.

सर हसले. मग त्यांनी सगळ्या बैठकीवरून नजर फिरवली, सगळे ऐकतायत याची खात्री केली आणि हवेत बोटानं फळ्यावर लिहिल्यासारखं करत म्हणाले, "डेड अधिक अर्थ. डेड म्हणजे मेलेली, अर्थ म्हणजे जमीन. जमीन मेली की काय होतं? दुष्काळ पडतो. झाला डर्थ. आमच्या आठवीतल्या पोराला येतं हे. इंग्रजी घेऊन बी.ए. करतेस ना गं तू?"

बैठक हसली. भाचा हसला. महेश हसला. हे सगळं उज्वलानं सोसलं असतं. पण सावळीराम, तिचा बाप, ज्याला डर्थ तर राहोच, एबीसीही येत नव्हती, तोसुद्धा हात जोडून हसला आणि म्हणाला, "आता काय म्हणावं सर, लेकरू हाय. तुमच्याकडं आली की शिकंल." त्या जोडलेल्या हातांचा तिला जो राग आला, तसा राग तिला आयुष्यात पुन्हा कशाचा आला नाही. आठ दिवसांनी मध्यस्थानं निरोप आणला, की मुलगी पसंत होती, पण सरांचं मन धजत नाही.

तोवर उज्वला कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन आली होती. तिथं एक जाडजूड शब्दकोश होता. तो घरी न्यायला परवानगी नव्हती आणि शिपाई तो काढून देतानाही कुरकुरायचा. तिनं तिथंच उभ्याउभ्या पान काढलं. मेलेल्या जमिनीचा तिथं मागमूस नव्हता. वॉर्मचं वॉर्म्थ होतं, डीपचं डेप्थ होतं, तसं डिअरचं डर्थ झालेलं होतं. डिअर म्हणजे महाग, मोलाचं, म्हणूनच लाडकं. डर्थ म्हणजे आधी नुसता महागपणा. मग दुष्काळात धान्य महागायचं, म्हणून पुढं टंचाईलाच डर्थ म्हणायला लागले. इतकं साधं होतं ते. जन्मभर पोरांना रजेच्या अर्जावर 'डिअर सर' घोटून घ्यायला लावणाऱ्या माणसाला त्यातला डिअर दिसला नव्हता, आणि तो गावोगाव मुली नापास करत हिंडत होता.

उज्वला त्या लायब्ररीत एकटीच हसली. आठ दिवस अंगाला चिकटून बसलेली शरम तिथंच गळून पडली आणि तिच्या जागी तुच्छता येऊन बसली. तुच्छता शरमेपेक्षा अंगाला जास्त मानवते. खाल्लेलं पचतं, झोप लागते, मान ताठ राहते. पुढं दोन-तीन स्थळं आली, त्यांना तिनं बघूही दिलं नाही. नाशकात खोली घेऊन एम.ए. केलं. ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली. सावळीराम वारले तेव्हा ती रीतसर रडली. गंगापूर रोडला छोटा फ्लॅट घेतला. लग्न राहिलं ते राहिलंच, आणि त्याचं तिला वाटायचं तेवढं दुःखही झालं नाही.

वर्गात मात्र दर वर्षी जूनमध्ये नव्या मुलांना ती पहिल्याच आठवड्यात विचारायची, "डर्थ हा शब्द कुठून आला?" कोणाला यायचं नाही. मग ती त्यांना नाव न घेता एका मिशीवाल्या हेडमास्तराची गोष्ट सांगायची, हवेत बोटानं लिहून दाखवायची, आवाजही काढायची. वर्ग खदखदून हसायचा. घंटा झाली की ती खडू टाकून, हात झटकून, हलकी होऊन स्टाफरूममध्ये जायची. बारा वर्षं हा कार्यक्रम चालला. त्यातल्या त्यात तिची एकच हौस राहिली होती. हे सगळं एकदा त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर सांगायचं होतं.

दोन हजार आठच्या जानेवारीत महेशचा फोन आला. तृप्ती आता वीस वर्षांची होती, उज्वलाकडेच राहून फार्मसी शिकत होती, दुसऱ्या वर्षाला होती.

"रविवारी तुझ्याकडं पाव्हणे येत्यात," महेश म्हणाला. "तृप्तीला बघायला. म्हणलं पोरगी तिथंच हाय, तर तिथंच उरकू. मी अन् लंका सकाळीच येतो."

"दादा, तिची अजून दोन वर्षं राहिलीत."

"करून देतील म्हणे लग्नानंतर."

"म्हणे?"

"हे बघ, उज्वला, वाकड्यात शिरू नको. मागणी त्यांच्याकडून आलीय. आपल्याला कायबी द्यायचं नाय, उलट लगीन तेच लावून देणार. डाळिंबाची बाग हाय, बंगला हाय. दिवस लय बदललेत. आता पोरीच्या बापानं भाव खायचा." हे सांगताना त्याला झालेला आनंद फोनमधून टपकत होता. "एप्रिलातली तिथ धरायची म्हणत्यात. रविवारी सुपारी फोडूनच जाणार."

"कोण आहेत?"

"बच्छाव सर, सटाण्याकडचे. त्यांचा धाकटा, भूषण."

"ज्यांनी मला नापास केलं, ते?"

"ते कुठलं काढलंस आता? त्यांच्या तर ध्यानातबी नाय. माझी त्यांची जुनी ओळख हाय. नाशकात गाठ पडायची. माणूस चांगला हाय."

नाशकात म्हणजे मार्केट यार्डात असणार, असं उज्वलाच्या मनात आलं. बहिणीचा पाणउतारा करणाऱ्याशी भावानं ओळख वाढवली, याचा तिला राग आला, पण नवल नाही वाटलं. महेशला कोणाशीही जमवून घेता यायचं. त्याला कणा नव्हताच, त्यामुळे वाकण्याचा त्रासही नव्हता.

तृप्ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "आत्या, पप्पा माझं ऐकत नाहीत," ती म्हणाली. "एप्रिलात लग्न म्हणजे परीक्षासुद्धा नाही. डाळिंबाच्या बागेत बसून मी काय गोळ्या वाटू?" ती हसायला गेली आणि तिचे डोळे भरले. "सुपारी फुटली तर मी पुढं काही करू शकणार नाही. तुला माहितीये आपल्याकडे कसं असतं ते."

"तू फक्त पोहे घेऊन ये," उज्वला म्हणाली. "बाकी मी बघते." तृप्तीची तिला काळजी होती, ती खरी होती. पण त्या काळजीखाली पंधरा वर्षांची हौस उकळ्या मारत होती, हेही तितकंच खरं.

रविवारी दोन गाड्या भरून मंडळी आली. जिन्यात चपलांचा ढीग पडला. शेजारच्या काकूंनी दार किलकिलं करून बघितलं. एवढे पुरुष एकदम त्या फ्लॅटमध्ये कधी शिरले नव्हते. सोफ्यावर पुरुष, खुर्च्यांवर पुरुष, गॅलरीच्या दाराला टेकलेले पुरुष. त्यांतले निम्मे तिशीच्या पुढचे, केसांना रंग लावलेले, कडक इस्त्रीतले, आणि सगळ्यांच्या नजरेत एकच भुकेला आदर. बाई एकच होती. बच्छाव सरांची बायको, सुलाबाई. ती नारळ, सुपारी आणि खण असलेली पिशवी मांडीवर घेऊन वेताच्या मोढ्यावर बसली होती. नवरामुलगा भूषण बत्तीस वर्षांचा. तो स्वतःच्या पायमोज्यांकडे बघत होता.

आणि सर. मिशी पांढरी होऊन खाली आली होती. दात नवे बसवलेले, बोलताना ते जरा उशिरा हलायचे. पण रुमाल तोच असावा. त्यांनी उज्वलाला नमस्कार केला आणि तिच्या तोंडाकडे बघूनही त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. इतक्या मुली नापास केलेल्या, एकेक चेहरा कोण ध्यानात ठेवतो!

तृप्ती पोहे घेऊन आली. सरांनी घास घेतला आणि डोळे मिटले. "वा! असे पोहे नाहीत खाल्ले." पोहे शेजारच्या हॉटेलातून आणलेले होते. उज्वलानं ह्या माणसासाठी कांदा चिरायला नकार दिला होता.

"सर, मुलीला काही विचारायचं असलं तर विचारा," महेश म्हणाला. तो खुर्चीत असा पसरला होता, की जणू द्राक्षांचा लिलाव चाललाय आणि बोली त्याच्याच बाजूनं वर जातेय.

"छे, छे," सर म्हणाले. "मुलीला काय विचारायचं? आजकालच्या मुली आपल्याला शिकवतील. लाखात एक आहे मुलगी." आणि गॅलरीला टेकलेल्या पुरुषांनी लगेच माना हलवल्या. ज्या भावकीनं नाकानं कांदे सोलत उभा जिल्हा पालथा घातला, ती आता हॉटेलच्या पोह्यांवर लाळ घोटत होती. उज्वलाला त्यांची इतकी किळस आली, की तिला त्या किळसेची मजासुद्धा वाटली.

"मग मी विचारू, सर?" ती म्हणाली.

"विचारा की, मॅडम."

"डर्थ म्हणजे काय?"

सरांचा चेहरा एकदम उजळला. आपली कीर्ती नाशिकपर्यंत, प्राध्यापक बाईपर्यंत पोचली, असं त्यांना वाटलं. ते पुढं सरकून बसले. "अरे वा! तुमच्या कानावर आलंय वाटतं. टंचाई, मॅडम, टंचाई."

"आणि आला कुठून?"

सरांचं बोट हवेत गेलं. "डेड अधिक अर्थ. मेलेली जमीन."

"चूक," उज्वला म्हणाली.

बोट हवेतच राहिलं. मग उज्वलानं वर्गात सांगायची तसं सगळं सांगितलं, फक्त नक्कल वगळून. वॉर्म्थ सांगितलं, डेप्थ सांगितलं, डिअर सांगितलं. दुष्काळात धान्य महागतं आणि मग महागपणाच टंचाईचं नाव होतो, हे सांगितलं. "जमिनीचा संबंध नाही त्यात, सर. त्र्याण्णव साली निफाडला सावळीराम शिंद्यांच्या घरी तुम्ही मला ह्याच शब्दावर नापास केलंत. मी तुम्हाला खरं सांगितलं होतं, की मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नव्हतं. पण तुम्ही खोटं सांगून नापास केलंत."

"उज्वला, पुरे," महेश म्हणाला.

"थांब, दादा. मला सरांना अजून एक विचारायचंय." ती आता थांबणार नव्हती. खोलीतल्या प्रत्येकाचं तोंड तिच्याकडे होतं आणि त्याचं तिला सुख वाटत होतं. "तुम्ही इतके पुरुष आलात. दोन गाड्या भरून. एक तरी लेक आणायची होती सोबत. एखादी पुतणी, एखादी नात. आहे का कोणाला नात? सर, तुम्हाला किती नातवंडं?"

"चार," सर म्हणाले.

"मुली किती?"

सरांनी मिशीवरून रुमाल फिरवला. सुलाबाईंनी पिशवीचे बंद मुठीत घट्ट धरले.

"तुमची जमीन तर चांगली जिवंत आहे. डाळिंब पिकतंय, कांदा पिकतोय, बंगला झालाय. मग मेलं काय, सर? आधी दुसऱ्यांच्या मुली नापास केल्यात. नंतर स्वतःच्या घरच्या तर जन्मायच्या आतच नापास केल्यात. आणि आता टंचाई झाली, म्हणून माझ्या भाचीचं कॉलेज सोडवायला नारळ घेऊन आलात? लाज नाही वाटत?"

भूषणनं मान वर केली नाही. गॅलरीकडच्या एकानं घसा खाकरला. म्हातारा सर उज्वलाकडे बघत होता आणि त्याचे नवे दात थोडे हलत होते. तो जेव्हा बोलला, तेव्हा त्याचं पुस्तकी मराठी कुठल्या कुठं गेलं होतं.

"मना पोऱ्याले पोरगी भेटत नही, ताई," तो म्हणाला. "काय करू मी?"

हेच ऐकायचं होतं उज्वलाला. पंधरा वर्षं हेच. तिच्या अंगावर गोड काटा आला.

महेश मात्र हवालदिल झाला. हातात आलेलं स्थळ निसटताना बघून तो सरांच्या गुडघ्याला हात लावत म्हणाला, "सर, मनावर घिऊ नका. हिचं काय ऐकायचं? हिला ना नवरा ना पोर. हिला काय कळतंय संसारातलं? असल्या गोष्टी आमच्या घरात नाय व्हत म्हणून बोलती ती. माणसं वळखत नाय."

हे ऐकून सर एकदम वळले. उज्वलाचा मारा त्यांनी गिळला होता, पण महेशचं हे सांत्वन त्यांना गिळवेना. ते पुन्हा शुद्ध बोलायला लागले, सावकाश, वर्गात बोलल्यासारखं.

"तुमच्या घरात होत नाही, महेशराव? मग त्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी कोण बसलं होतं? मी थोरल्या सुनेला घेऊन आलो होतो, तुम्ही वहिनींना घेऊन आला होतात. तिथंच तर खरी ओळख झाली आपली. रिपोर्ट मिळाले, मग आपण समोरच्या रसवंतीत उसाचा रस प्यायलो. पैसे तुम्ही देऊ दिले नाहीत मला. पुढच्या वर्षी पुन्हा गाठ पडली." ते उज्वलाकडे वळले. "मॅडम, माझं तोंड काळं आहे. कबूल. पण एकट्याचं नाही."

उज्वलाला उसाचा रस आठवला. एम.ए.च्या वेळची नाशकातली तिची खोली. लंकावहिनी दोन दिवस तिच्या गादीवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगावरून फार जातंय, डॉक्टरकडे आलो होतो, असं महेशनं सांगितलं होतं. उज्वलानं तिला मऊ भात करून घातला, दोन्ही वेळा पातेलं तसंच परत आलं. संध्याकाळी महेश आला तो प्लॅस्टिकच्या पिशवीत उसाचा रस घेऊन. "घे, थंड हाय," म्हणाला होता, आणि तो रस उज्वलानंच प्यायला होता, कारण वहिनीनं तोंड फिरवलं होतं. पुढच्या वर्षी वहिनी पुन्हा आली होती. पुन्हा तशीच पडली होती. त्यानंतर महेशला मुलगा झाला आणि सगळ्या गल्लीत पेढे वाटले गेले. त्यातले चार उज्वलानंही खाल्ले.

तिनं भावाकडे बघितलं. तुच्छ लेखायला इतकी वर्षं ती मनानं सटाण्यापर्यंत जात होती, आणि हा माणूस दर दिवाळीला तिच्याकडून ओवाळून घेत होता.

तृप्ती मधोमध उभी होती. हातात रिकाम्या बशांचा ट्रे होता. तिचा आवाज अगदी साधा होता.

"पप्पा, मला बहीण होती?"

महेशनं पंख्याकडे बघितलं. मग घड्याळाकडे बघितलं. "काहीतरीच काय," तो पुटपुटला. "पाव्हण्यांसमोर."

"होती का?"

स्वयंपाकघराच्या दारात लंकाबाई येऊन उभी राहिली होती. सकाळपासून ती आत होती आणि कोणी तिला बाहेर बोलावलंही नव्हतं. पदराला हात पुसत, किती चपात्या उरल्या ते सांगावं तशी ती म्हणाली, "दोन होत्या."

एवढंच. मग ती तिथंच उंबऱ्यावर खाली बसली.

तृप्तीनं ट्रे टीपॉयवर ठेवला. ती सुलाबाईंजवळ गेली. सुलाबाईंनी पोह्यांच्या वेळीच नारळ आणि सुपारी बाहेर काढून खणावर मांडून ठेवली होती. तृप्तीनं सुपारी उचलली, नारळ उचलला, खणाची घडी केली आणि सगळं त्यांच्या पिशवीत परत घातलं. "आजी, हे घेऊन जा," ती म्हणाली. सुलाबाईंनी पिशवी पोटाशी धरली. पहिल्यांदा उठल्या त्या त्याच. मग बाकीचे उठले. भूषण जाताना तृप्तीसमोर क्षणभर थांबला, "सॉरी" म्हणाला आणि चपलांच्या ढिगात स्वतःचे बूट शोधायला लागला. बच्छाव सरांना उठायला दोघांचा आधार लागला.

खाली गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला. तृप्ती उंबऱ्यावर आईला खेटून बसली. लंकाबाईनं तिच्याकडे बघितलं नाही, फक्त तिचा हात घेऊन स्वतःच्या पोटावर ठेवला आणि तसाच धरून ठेवला. थोड्या वेळानं उज्वलाही त्यांच्यापाशी जाऊन खाली फरशीवर बसली. तिला वहिनीचे पाय धरावेसे वाटत होते. तेवढंही तिला जमलं नाही. वहिनीच्या पदराचं एक टोक बोटात धरून ती बसून राहिली.

महेश अजून खुर्चीतच होता. समोर सतरा रिकाम्या बशा पडल्या होत्या, मोहरी आणि शेंगदाण्याची सालं चिकटलेल्या. त्यानं दोनदा घसा साफ केला. मोबाईल खिशातून काढला, बघितला, परत ठेवला.

"चहा टाका गं कोणीतरी," शेवटी तो म्हणाला.

तिघींपैकी कोणी उठलं नाही.